मंदे, बाकी शून्य झाली

विश्रामबाग, सांगली
21 सप्टेंबर 2025

प्रिय मंदे,

गेल्या दिवाळीत तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी तो वाजू दिला. मग 'फराळाच्या गडबडीत होते गं' असा मेसेज टाकला. गडबड कसली, चकली तर विकतची आणली होती. तुझ्याशी बोलले असते तर माझ्या आवाजावरून तू ओळखलं असतंस, आणि तेच मला नको होतं. तेव्हापासून जवळजवळ वर्ष गेलं. आधी त्याची माफी मागते, मग बाकीचं.

इकडे सगळे बरे. सासूबाई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. माझं बीपी गोळीवर आहे.

काल संध्याकाळी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं. एकूण देय रक्कम शून्य. मी ओट्याशी उभी राहून रडले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्याही राहिल्या. सांगावं असं एकच माणूस डोळ्यांपुढे आलं, कारण या घरात बाकी होती हेच कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात फ्रिजपासून झाली. मे 2024 मध्ये जुना फ्रिज बंद पडला. 4 तारखेला नवा घेतला, 38,500 चा, कार्डावर. 20 ला बिल बंद झालं, 9 जूनपर्यंत भरायचं होतं. मी 8 लाच 38,000 भरले. 500 मुद्दाम मागे ठेवले, पुढच्या महिन्यात देऊ म्हणून. का, ते तुला सांगायला नको. कारखान्याचा पगार झाला की आई तुमच्या दुकानात यायची, 214 झाले असतील तर 200 द्यायची, आणि आप्पा वहीत '14 बाकी' लिहून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. (तू तोलायला बसलीस की खडा छोटा व्हायचा, कारण अर्धा आधीच तुझ्या तोंडात गेलेला असायचा.) ते 14 पुढच्या महिन्यातही 14 च असायचे. माझ्या मनात बाकी म्हणजे तेवढंच होतं.

पुढच्या बिलात 500 होते, आणि वर 1,830 च्या पुढे व्याज न् त्यावरचा कर. मला वाटलं चूक झाली. फोन केला. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, मॅडम, पूर्ण रक्कम भरली नाही की व्याज राहिलेल्या 500 वर नाही, पूर्ण 38,500 वर लागतं, खरेदीच्या दिवसापासून. 35 दिवस, वर्षाला 42 टक्के, वर 18 टक्के जीएसटी. मी कागदावर करून पाहिलं, आकडा बरोबर आला. चूक नव्हतीच. खरं सांगते, मंदे, चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हाच शहाणी व्हायला हवी होते. पण ऑगस्टमध्ये सासूबाई मोरीत पडल्या, मिरजेत खुब्याचं ऑपरेशन झालं. मेडिक्लेमचे पैसे वजा जाऊन 86,000 भरायचे राहिले. हे त्या दिवसांत डबे आणि औषधं यांतच बुडाले होते, म्हणून मी म्हटलं, 'मी बघते.' कार्ड दिलं. ह्यांना वाटलं माझ्या बचतीतून दिले. मी दुरुस्त केलं नाही.

बिलावर दोन आकडे असतात. वर एकूण, 86,000. खाली किमान, 4,300. खालचा आकडा वाचला की जीव भांड्यात पडतो गं. वाटतं, एवढे भरले की आपण नियमात आहोत. नियमात होतेच मी. दंड नाही, वसुलीचा फोन नाही. 4,300 मधले साधारण 3,010 व्याजाला, 542 करात, आणि मूळ रकमेतून गेले फक्त 748. सप्टेंबरपासून जुलैपर्यंत 11 हप्ते. 45,000 च्या वर भरले आणि बाकी राहिली 78,000 च्या आसपास. कार्ड कपाटात कुलपात होतं, त्यावर एक रुपयाचा खर्च नव्हता, तरी.

आणि पैसे नव्हते असं नाही, हे कुणाला सांगायची सोय नाही. आईच्या पाटल्यांची ठेव होती. सराफ कट्ट्यावर तू माझ्याबरोबर आली होतीस, आठवतं? मोडताना त्याने कात्री लावली आणि तू माझा हात धरलास. त्यांची लाखाची ठेव मी केली आणि ठरवलं की हिला हात लावायचा नाही. ठेवीवर 7 टक्के मिळत होते, कार्डावर 42 जात होते. व्याज मला समजतं, शाळेत मी शिकवते. पण ती ठेव मोडणं म्हणजे पाटल्या दुसऱ्यांदा मोडणं, असं वाटायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'विजे, काकू असत्या तर त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडायला लावली असती.' हे वाक्य मला तुझ्या आवाजात ऐकू यायचं, म्हणूनच फोन घेत नव्हते.

आता जुनं भांडण काढते, रागावू नकोस. सातवीत, पंपाजवळ, चौघींसमोर तू म्हणालीस, 'तुमची 140 बाकी आहे, आप्पा म्हणाले आईला सांग.' दिवाळीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तू निरोप सांगितलास, बारा वर्षांची पोर, तुझा काय दोष? पण त्या दिवसापासून बाकी हा शब्द ऐकला की माझे कान तापतात. म्हणून लपवलं. लपवलं म्हणून वाढलं. किमान रकमेत सगळ्यात वाईट काय असेल तर ते हे, की ती लपवायला मदत करते. आप्पांच्या वहीत बाकी वाढली की अख्ख्या आळीला कळायचं. इथे 11 महिने कुणालाच कळलं नाही.

बिलाच्या खाली लिहिलेलं असतं, फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. हा इशारा द्यायला रिझर्व्ह बँकेनेच 2022 च्या निर्देशांत सांगितलंय. मी तो जुलैत पहिल्यांदा वाचला. मग पेपरातलं कात्रण सापडलं: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं की 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा, आणि 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे मी कपाटाला कुलूप लावून बसले होते त्याच महिन्यांत. मला त्यातला कायदा कळत नाही. पण 42 टक्के मला अन्याय वाटतो, आणि हे मी शाळेच्या स्टाफरूममध्येही मोठ्याने म्हणेन.

2 ऑगस्टला ठेव मोडली आणि सगळी बाकी भरली. बँकेतून बाहेर आले आणि खूप वर्षांनी उसाचा रस प्यायले. 20 ला पुन्हा बिल: 1,379. पायातलं बळच गेलं. पुन्हा फोन. तर म्हणे, 20 जुलैपासून 2 ऑगस्टपर्यंतच्या 13 दिवसांचं व्याज, ते आधीच्या बिलात यायचंच नव्हतं. त्याच मिनिटाला भरले. म्हणून कालचं शून्य मी तीनदा उघडून पाहिलं.

ऋताला नोकरी लागली, पहिलं कार्ड आलं, हे शुभाकडून कळलं. खूप आनंद झाला. पोरीला माझं नाव घेऊन सांग. ऑटो डेबिट लावताना 'टोटल ड्यू' निवड म्हणावं, शेजारी 'मिनिमम' असतं. बिल 20 ला बंद होत असेल तर 21 ला घेतलेल्याला जवळजवळ 50 दिवस मिळतात, 19 ला घेतलेल्याला 21 च. आणि ही सवलत मागचं बिल पुरतं चुकतं केलं असेल तरच. एकदा बाकी राहिली की नवी साखरसुद्धा त्या दिवसापासून व्याजावर. एटीएममधून कार्डावर रोख तर काढूच नको, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. 500 चं सगळं सांग तिला, माझी लाज राखू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? ठाण्यातलं घर रंगवून झालं का? भाऊजींना नमस्कार.

हे मात्र अजून ह्यांना सांगितलेलं नाही. रक्कम ऐकून ते काही म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. एसटीत 30 वर्षं काढलेला माणूस, सुट्ट्या पैशांचा हिशेबही चोख ठेवणारा. ते विचारतील, 'अकरा महिने तू एकटीच?' त्याला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या घटस्थापना. सकाळी घट बसला की सांगायचं ठरवलंय. रात्री धीर होत नाही.

2005 च्या पुरात गावभागातलं तुमचं दुकान बुडालं, वही लगदा झाली, आणि लोक आपणहून येऊन आप्पांना आपली बाकी सांगून गेले. तेव्हाची नवी वही तू ठाण्याला नेलीस ना? आमचं पान निघालं तर फोटो काढून पाठव. आई गेली तेव्हा त्यावर काही राहिलं होतं का, हे मी आप्पांना कधी विचारलं नाही. राहिलं असेल तर सांग.

तुझी,
विजू