वारस नोंदीची शिबिरं गणपतीत लावा

संपादक महाशय,

पीएम किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता चुकला की पहिली शिवी बँकेला पडते. कोकणात मात्र घोडं अनेकदा सातबाऱ्यावर अडलेलं असतं. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली तरी भोगवटादार (म्हणजे जमिनीचा धारक) म्हणून नाव त्यांचंच, आणि भात लावणाऱ्या नातवाचं नाव कुठेच नाही. ही योजना १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असलेल्यांसाठी आहे. त्यानंतर नाव लागलं असेल तर ते वारसाहक्कानेच लागलेलं हवं. खरेदीखत किंवा बक्षीसपत्र चालत नाही. कुळाचं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नुसतं असेल तरीही उपयोग नाही.

वारस नोंद केली की वाटप करावं लागेल, ही भीती आधी काढून टाकायला हवी. या नोंदीने कुणाचा बांध वीतभरही सरकत नाही. क्षेत्राची अटही २०१९ मध्येच गेली. सामाईकात पाच गुंठे वाट्याला आले तरी हप्ता पूर्ण मिळतो. मुंबईतला भाऊ आयकर भरतो म्हणून गावातल्या भावाचा हप्ता अडत नाही, कारण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं.

अर्ज कुणीही एक वारस करू शकतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आठ-अ (खात्याचा उतारा) जोडायचा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतो, १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मधली पिढीही गेली असेल तर आधी आजोबांचे वारस, मग वडिलांचे, असा क्रम लागतो. थेट नातवाचं नाव लावायला गेलात की नोंद परत. लग्न होऊन गेलेल्या आत्याचं नाव गाळलं की ती हरकत घेणार, आणि घ्यावीच. मग नोंद तक्रारीत जाते आणि तारखा सुरू होतात.

सातबारा नीट झाला तरी दोन ठिकाणी गाडी अडते. काजूच्या चिकाने बोटांची सालं निघालेली असतात, आणि ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचं, मशीन ठसा घेत नाही. तिथे तासभर बोट घासत बसण्यापेक्षा पीएम किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करावी. दुसरं म्हणजे, पैसे पासबुकावरच्या नंबराने येत नाहीत, आधार शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं त्यात जातात. मध्येच पोस्टाच्या बँकेत खातं उघडलं असेल तर हप्ता तिथे पडून असतो आणि माणूस जिल्हा बँकेत खेपा घालतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' पाहिलं की खातं कुठलं ते कळतं.

शासनाने २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती चांगलीच. पण आपल्याकडे निम्मे वारस चाकरमानी. नोटीस गावच्या बंद दारावर डकवून काय होणार? सगळे वारस एका पडवीत सापडतात ते गणपतीत, नाहीतर शिमग्याला. सण आहे, कर्मचाऱ्यांनाही रजा हवी, हे मान्य. तरी गौरीविसर्जनानंतरचे दोन दिवस मंडळनिहाय शिबिर लावावं. तलाठी, मंडळ अधिकारी, प्रतिज्ञापत्राची सोय आणि बँकेचा एक माणूस एकाच शाळेत बसवावा, आणि लागणाऱ्या कागदांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर श्रावणातच लावावी, म्हणजे मुंबईहून निघतानाच आधार आणि मृत्यूचे दाखले बॅगेत पडतील.

— एक खातेदार, राजापूर, जि. रत्नागिरी