डिस्चार्ज कार्डावर नळीचे मापही लिहा

मा. संपादक,
स. न.

नवजात अतिदक्षता कक्षांत व्हेंटिलेटर वाढत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. चांगलेच आहे. पण अशाच कक्षात नोकरी काढलेल्या मला यंत्रापेक्षा, त्याची हवा पोचवायला बाळाच्या श्वासाच्या वाटेत घातलेल्या नळीची काळजी जास्त वाटते.

पूर्ण दिवसांच्या बाळाची श्वासाची वाट स्वरयंत्राखाली जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. तिथे क्रिकॉइड नावाच्या कूर्चेचे पूर्ण बंद कडे आहे, त्यामुळे सूज आली की तिला आतल्या बाजूलाच जागा. 4 मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, तर हवेला पाव वाट उरते. घट्ट नळीने अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, जखम होते, आणि नळी काढल्यावर काही आठवड्यांनी तो व्रण आकसू लागून वाट अरुंद होते.

नळी किती दिवस होती, एवढेच सगळे विचारतात. तेही महत्त्वाचेच, पण कूर्चा मऊ असल्याने अपुऱ्या दिवसांत जन्मलेली काही बाळे दीर्घकाळ नळी सोसतात, आणि एखाद्याचा घसा दोन-तीन दिवसांत बिघडतो. एक किलोच्या आतील बाळाला 2.5, दोन किलोपर्यंत 3 आणि त्यापुढे 3.5 क्रमांकाची नळी, हा सर्वसाधारण नियम. घाईत हाताला येईल ती मोठी नळी टाकली की नुकसान सुरू. नळीभोवती थोडी हवा गळायला हवी. अजिबात गळत नसेल तर ती घट्ट आहे. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे, नळी सतत हलणे, जंतुसंसर्ग, पोटातले आम्ल वर येणे यांनीही धोका वाढतो. लाळेने चिकटपट्टी सुटते, नळी निसटते, ती पुन्हा घालावी लागते. एका सिस्टरकडे पाच-सहा बाळे असलेल्या रात्रपाळीत हे होणारच. या मनुष्यबळाबद्दल मात्र बातमीत एक ओळही नव्हती.

घरी गेल्यावर आईला कळते ते इतकेच, की बाळ ‘मशीनवर होते’. पुढे सर्दी झाली की श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो, रडणे घोगरे होते, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो. बालदमा समजून वाफारे दिले जातात. दम्याची घरघर मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते, हा फरक आशाताईंनाही शिकवता येईल. अशा बाळाला दुर्बिणीने घसा तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. अरुंदपणा लवकर कळला तर फुग्याने वाट रुंद करून पाहता येते; उशीर झाला तर काहींच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र पाडावे लागते.

आरोग्य खात्याला माझी मागणी बिनखर्चाची आहे. डिस्चार्ज कार्डावर चार रकाने वाढवा: नळीचे माप, किती दिवस, किती प्रयत्न, किती वेळा निसटली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा