नानांचा डायसेट

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीनंतर पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम चार पानं. म्हणशील, दिन्याला पैसे हवे असणार. नकोत. माझं बीपी गोळीवर आहे, गुडघा आहे तसाच. पुढे वाच आणि मध्येच उठून फोन करू नकोस. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

मिरजेचं घर पाडलं तेव्हा ओसरीवरच्या झोपाळ्याची फळी मी उचलून आणली होती, आठवते? तीच, जिच्यावरून तू मला ढकललंस आणि वर म्हणालास की मीच उडी मारली. सागाची आहे, पण मधोमध उभी चिरली. म्हटलं, चिरेवर करवत घालून दोन तुकडे करावेत, कडा रंध्याने सरळ कराव्यात आणि डिंक लावून पुन्हा जोडावी. जोडायला क्लॅम्प हवेत. लेकीने पाईप क्लॅम्पचे चार सेट मागवून दिले. खोक्यात नुसती बिडाची तोंडं. एकाला स्क्रू, दुसऱ्याला मागे चाप. पाईप आपला आपण आणायचा, एका टोकाला आटे पाडायचे आणि स्क्रूचं तोंड त्यावर फिरवायचं.

पाईप आणायला बोहरी आळीत गेलो. पोरगा म्हणाला, "काका, आता जीआयचा लोखंडी पाईप कोण घेतं? प्लास्टिकचा सीपीव्हीसी न्या, सोल्युशन लावा, झालं." त्याला म्हटलं, मला पाणी न्यायचं नाही, फळी आवळायची आहे. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसे बापटसर तुझ्या भूमितीच्या वहीकडे बघायचे. बिनजस्ताचा काळा पाईप मिळाला असता तर बरं होतं, चाप त्यावर घट्ट धरतो. पण ओला डिंक, साग आणि उघडं लोखंड एकत्र आलं की लाकडावर काळा डाग पडतो, म्हणून जस्त चढवलेल्या जीआयवरच भागवलं. जस्तावरून चाप सरकतो, तिथे पॉलिश पेपर मारला. पाऊण इंची, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, निळ्या पट्ट्याचा. ए क्लास स्वस्त होता, पण त्याची जाडी जेमतेम सव्वादोन मिलिमीटर, आणि आटे सव्वा मिलिमीटरभर खोल जातात. उरलं काय? शिवाय आवळल्यावर तो धनुष्यासारखा वाकतो. (वाकतो बी क्लासही, म्हणून दोन क्लॅम्प फळीच्या वरून आणि दोन खालून लावायचे.) वीस फुटी नळीचे चार-चार फुटांचे पाच तुकडे करून घेतले. पाचवा तुझ्यासाठी नाही, उगाच खूश होऊ नकोस.

खोक्यावर आटे अमेरिकन लिहिलेले. दुकानदार म्हणाला, आपल्याकडचे बीएसपी आटे त्यात बसणार नाहीत. बसतात रे! पाऊण इंचीत दोन्हीकडे इंचाला 14 आटेच आहेत. कोन तेवढा वेगळा, त्यांचा 60 अंशांचा, आपला 55. पाणी असतं तर गळलं असतं. इथे थोडं डुगडुगतं, पण धरतं.

प्रश्न उरला आटे पाडायचा. पाच प्लंबर विचारले, एकाकडेही डाय नाही. ही म्हणाली, माळ्यावर अप्पांची ट्रंक आहे, त्यात बघा काही अवजार असलं तर.

बाळ्या, ट्रंकेत तळाशी, पोत्यात गुंडाळलेला, तुझ्या नानांचा आटे पाडायचा डायसेट होता.

तोच. दांड्यावर ना. वि. कोरलेलं आहे, वि उलटा, तू दहावीत छिन्नीने कोरला होतास तसाच.

1986 च्या मे महिन्यात आमच्याकडे नळ घेतला तेव्हा मी तो मागून नेला. नंतर तो सापडेना, आणि मी तुमच्या दुकानात उभा राहून सांगितलं की दुकानातल्या रघूच्या हातात दिला. तू म्हणालास खोटं बोलतोस, मी तुझी कॉलर धरली, पुढचे चार महिने आपण बोललो नाही. ते मिटलं. पण नानांनी रघूला काढलं, ते कुठे मिटलं? मी खोटं बोललो असं अजूनही मला वाटत नाही बघ. दिल्याचं मला स्पष्ट आठवतं, रघूचा ग्रीस लागलेला हात आठवतो, त्याने तो पोत्याला पुसला तेसुद्धा. आता प्रश्न पडतो की हे घडलं होतं, का मी इतक्या वेळा सांगितलं की डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. अप्पांनी गुंडाळून ठेवला असेल म्हणावं, तर अप्पा आता सांगायला नाहीत. नानाही नाहीत. राहिलो तू, मी आणि रघू.

आणि निर्लज्जपणा असा की मी तोच वापरला. आतले चार डाय गंजले होते, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवले. सकाळी बसवताना 2 आणि 3 आकड्यांच्या डायची अदलाबदल झाली. पाईपवर आटे पडण्याऐवजी जस्त आणि लोखंड ओरबाडून निघालं, आणि मला नानांची शिवी जशीच्या तशी ऐकू आली. हे आकडे बघायला रघूनेच तर शिकवलं होतं, तुला आणि मला, एकाच दिवशी. ते टोक कापून टाकलं, डाय आकड्यांच्या क्रमाने लावले, हिच्या शेंगदाण्याच्या तेलाची धार धरली (हे तिला कळवू नकोस), थोडं पुढे, थोडं मागे. पाऊण इंचभर आटे पडले. चकचकीत.

फळी अजून जोडलेली नाही. डिंकाची बाटली उघडून परत बंद केली.

मुक्ताचं ठरलं असं सुम्याकडून कळलं, फार आनंद झाला, येणारच. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? बडोद्यात थंडी कशी आहे?

रघू इचलकरंजीला पॉवरलूमवर लागला होता, इतकंच मला माहीत आहे. तुझ्या आईच्या वेळी तो आला होता, म्हणजे तुझ्याकडे त्याचा नंबर असणार. तो पाठव. मी आधी फोन करू का सरळ जाऊन उभा राहू, तेही सांग. डायसेट कुणाचा, तुझा का त्याचा, हे तूच ठरव. माझ्याकडे राहिला तर मात्र ही त्याला मोडीत घालेल.

शिव्या सविस्तर लिही, कार्डावर भागवू नकोस.

तुझा,
दिन्या