त्या गॉथिक खुर्चीबद्दल

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

खुर्चीचे फोटो मिळाले. दुकानदार म्हणतो 'अस्सल गॉथिक, तीनशे वर्षांपूर्वीची'. अरे, गॉथिक ही इमारतींची आणि फर्निचरची एक शैली; अस्सल गॉथिक म्हणजे युरोपातलं, साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातलं. पुढे ते मागे पडलं आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडात त्याची हौस पुन्हा जागी झाली. याची तीनशे वर्षं नेमकी मधल्या खड्ड्यात पडतात!

पाठीची टोकदार कमान आणि तीन-चार पाकळ्यांची जाळी पाहून भुलू नकोस. चर्चच्या खिडकीतली ती नक्षी कोणीही कोरतो. आधी सांधे बघ. तेव्हाचा सुतार ओकचा ओंडका पाचरी ठोकून फाडायचा, खाचेत जीभ बसवून वरून लाकडी खुंटी मारायचा. शतकानुशतकं लाकूड आकसत गेलं की त्या खुंट्या किंचित वर येतात, बोटाला लागतात. पंधराव्या शतकापासून पॅनलवर 'लिननफोल्ड' दिसतं : लुगड्याच्या निऱ्यांसारख्या उभ्या चुण्या. हातकाम असल्यामुळे दोन पॅनल तंतोतंत सारखी नसतात.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतली राज्याभिषेकाची खुर्ची बघ. १३०० च्या सुमारास पहिल्या एडवर्डने करवून घेतलेली, ओकची, कमानदार. एकेकाळी सोन्याने मढवलेली. आता तिच्यावर शाळकरी पोरांनी नावं कोरलेली आहेत. एका पठ्ठ्याने तर '५-६ जुलै १८०० ला या खुर्चीत झोपलो' असं लिहून ठेवलंय.

नंतरच्या हौशी गॉथिकमध्ये कळस-कमानींचा नुसता सुळसुळाट. प्युजिन या इंग्रज वास्तुकाराने १८४१ मध्ये टोमणा मारला होता, की अशा खोलीत राहून माणूस जखमी न होता बाहेर पडला तर नशीबवान. गंमत म्हणजे विंडसर कॅसलसाठी तसलंच फर्निचर त्याने स्वतः पोरवयात काढून दिलं होतं.

तुझी खुर्ची मला याच दुसऱ्या जातीची वाटते. लाकूड सागवान निघालं, तर बहुधा आपल्याकडेच घडलेली, मुंबईचा गॉथिक राजाबाई टॉवर उभा राहिला त्या काळातली (१८७० च्या दशकातली) किंवा नंतरची. तीही वाईट नाही, पण भाव त्या हिशेबानेच दे. दुकानात गेलास की खुर्ची सरळ उलटी कर. बैठकीखाली गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे किंवा एकसारख्या आट्यांचे स्क्रू दिसले, तर मध्ययुग विसर. खालच्या बाजूचे फोटो पाठव, मग बोलू. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझाच,
विन्या