शाप पुरे, गुटमन यांचे डावपेच छापा

संपादक महोदय,

फुटबॉल प्रशिक्षक बेला गुटमन यांचे नाव आपल्याकडे छापून येते ते बहुतेक वेळा ‘शापा’साठीच. १९६२ मध्ये युरोपियन कप जिंकून दिल्यावर त्यांनी पगारवाढ मागितली, पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबने नकार दिला आणि ‘शंभर वर्षे तुम्ही युरोपात जिंकणार नाही’ असा शाप देऊन ते निघून गेले, असे सांगतात. त्यानंतर हा क्लब युरोपातले आठ अंतिम सामने हरला, हे खरे. पण आठदा अंतिम फेरी गाठणारा संघ शापित कसला?

गुटमन मूळचे बुडापेस्टचे. १९२४-२५ मध्ये व्हिएन्नाच्या हाकोआ क्लबकडून त्यांनी ऑस्ट्रियाची लीग जिंकली आणि १९२६ मध्ये खेळायला अमेरिकेला गेले. जागा सेंटर हाफची, म्हणजे चेंडू कुठून येतो ते पाहणाऱ्याची. पुढे साओ पाउलो, पोर्तो आणि बेन्फिका या तिन्ही संघांना प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपदे मिळवून देताना ही नजर कामी आली असणार.

१९६२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला रिआल माद्रिद ३-२ ने पुढे होता आणि तिन्ही गोल पुश्काशचे. गुटमन यांनी पुश्काशवर माणूस वाढवला नाही. त्याला चेंडू पुरवणाऱ्या दि स्तेफानोवर आपल्या कावेमला बसवले. नंतर रिआलचा एकही गोल झाला नाही. निकाल बेन्फिकाच्या बाजूने ५-३.

आपल्या गावोगावच्या स्पर्धांत नेमके उलटे होते. गोल करणाऱ्यावर दोघे लावतात, मधली फळी ओस पडते आणि पुरवठा चालूच राहतो. पहिली दहा मिनिटे एका राखीव खेळाडूला रेषेबाहेर बसवून मोजायला सांगा, की त्या गोलवाल्याला चेंडू कोणाच्या पायातून मिळतो. मग त्या पुरवठादारावर एकच माणूस द्या. त्याने चेंडू हिसकावायला जाऊ नये, फक्त त्याला आपल्या गोलकडे तोंड वळवू देऊ नये. पुरवठादार कडेला सरकला की त्याला जवळच्या साथीदाराच्या हवाली करावे. मागे मागे धावत गेलो, की मध्ये भगदाड पडते.

याच्या सरावाला चेंडू सरळ धावणारी जमीन लागते आणि आपल्याकडे सराव समुद्रकिनाऱ्यावर होतो. कोरड्या वाळूत तो रुततो, कातळावर भलतीकडे उसळतो आणि गुडघे सोलून निघतात. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू उत्तम. पण ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ‘रोज संध्याकाळी पाच’ हे वेळापत्रक आठवड्याभरात पाण्यात जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्या कोळीवाड्यांत पोरांनाही ठाऊक आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी मैदानच नाही. पौर्णिमा-अमावास्येला मात्र त्याच वेळी ओहोटी, तीही उधाणाची, म्हणून वाळू लांबवर उघडी पडते. सांघिक सराव त्या चार-पाच दिवसांत घ्यावा. अष्टमीच्या आसपास सकाळी ओहोटी लागल्यावर, ऊन चढण्याआधी उरकावा.

तालुका स्पर्धांचे वेळापत्रक छापताना शेजारी भरतीची वेळही द्यावी, ही विनंती.

आपले,
दापोली परिसरातील काही फुटबॉल प्रशिक्षक