नॉब मीच फिरवला

प्रिय विन्या,

सहा महिने फोन नाही आणि एकदम पत्र, म्हणजे काहीतरी गडबड, हे तू ओळखलंच असशील. माझी शुगर बरी आहे. आई काल घरी आली.

गडबड मीच केली. तिचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे नाकातून ऑक्सिजन देणारं मशीन, मिनिटाला दोन लिटरवर असतो. चुलीच्या धुरानं खाल्लेली फुप्फुसं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ८८ ते ९२ राहू दे, जास्तीचा हव्यास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या रात्री ८६ दिसलं. मी घाबरलो आणि नॉब फिरवून मशीनवरच्या मापाच्या नळीतली गोळी पाचाच्या रेषेवर नेली. ९७! शांत झोपलो, गाढवासारखा.

सकाळी आई उठेना. हलवलं की डोळे उघडायची, मिटायची. बोटावर मात्र ९६. हॉस्पिटलात मनगटातून रक्त काढलं तर कार्बन डायऑक्साइड ८४; असायला हवा ३५ ते ४५. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण फटकळ. "मशीन हवेतला नायट्रोजन काढून ऑक्सिजन देतं हो. श्वास आजींनाच घ्यावा लागतो. ह्यांना ऑक्सिजन जास्त झाला की कार्बन डायऑक्साइड साठतो. आता छातीचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं." म्हणून बायपॅप, तोंडावर घट्ट मास्क, दाबानं हवा आत. नाहीच जमलं तर घशात नळी आणि व्हेंटिलेटर. त्याच्या कागदावर सही करा म्हणाल्या.

सही करताना तू आठवलास. २०२१ चा मे. ते दहा लिटरचं मशीन आपण तिसऱ्या मजल्यावर चढवलं, तू पायऱ्या मोजत, मी शिव्या घालत. आणि दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या आवारात मी तुझ्यावर ओरडलो, "मशीन असताना दादाला नळी कशाला?" दादा मिनिटाला चाळीस श्वास ओढत होता, दमून चालला होता. नाकातल्या ऑक्सिजननं ते ओढणं थोडंच कमी होणार होतं! तुला ते दिसत होतं, मला फक्त मशीन दिसत होतं. चार महिने बोलला नाहीस. बरोबर केलंस.

आईला नळी लागली नाही. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: "ही बैलाची मुसकी काढ आणि चहा दे."

तुझा गुडघा कसा आहे? पोरीच्या बारावीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

नॉबवर चिकटपट्टी लावलीय. तरी रात्री दोनदा उठून गोळी बघतो. आई झोपेचं सोंग घेऊन मला बघत असते.

तुझा,
सुध्या