लग्नाच्या रकान्यात गेलेला कोयता

महोदय,

जुलै २०२६ पासून वर्षभर देशात स्थलांतराची स्वतंत्र नमुना पाहणी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची शिरगणती, या बातम्या वाचल्यापासून बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला एक तांडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सरकारी पाहण्यांमध्ये अन्वेषक म्हणून मी ३१ वर्षे काम केले. घरोघर जायचे, प्रश्न विचारायचे, उत्तराला संकेतांक द्यायचा, हीच नोकरी. त्यातल्या एका संकेतांकाबद्दल हे पत्र आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४वी फेरी जुलै २००७ ते जून २००८ अशी झाली. अनुसूची १०.२, रोजगार आणि स्थलांतर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्या तांड्यावर होते. मंडळी ऊसतोडीहून परतली होती. एका घराच्या ओट्यावर विशीच्या आतली एक बाई कोयत्याच्या पात्याला तेल चोळून ते जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळत होती. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. असे दोन कोयते तिने आढ्याला खोचले आणि मग माझ्यासमोर बसली.

पूर्वी दुसऱ्या गावी राहत होतीस का? होय, माहेर परळीकडचे. ते का सोडलेस? “लगीन.” मी लग्नाचा संकेतांक लिहिला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ती मात्र थांबली नव्हती. “पन ताई, लगीन झालं ते कोयत्यापायीच. ह्यांची जोडी लागत नव्हती.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती जोडीला. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मी. म्हणून हंगाम तोंडावर आला की चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींची लग्ने उरकतात. ‘गेटकेन लग्न’ असा शब्दच त्या भागात रूढ आहे. या मुलीचे तसेच झाले होते. ती सासरी आली ती मजूर म्हणून, आणि माझ्या कागदावर ती लग्नामुळे स्थलांतरित झाली. एका माणसाला एकच कारण, दुसऱ्याला जागा नाही.

पुढचा प्रश्न अल्पकालीन स्थलांतराचा होता. गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी महिनाभर किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर होतीस का? ती म्हणाली, “दसऱ्याला गेलो, आखाजीला आलो.” मी बोटांवर मोजले. साडेसहा महिने. व्याख्येप्रमाणे उत्तर ‘नाही’. जी बाई अर्ध्याहून अधिक वर्ष उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत राहिली, ती माझ्या अनुसूचीत कामासाठी कुठेही गेली नव्हती. तिची थोरली सांगलीकडे झाली होती, धाकटा कर्नाटकात. मुलांची वये तिने मला वर्षांत नव्हे, हंगामांत सांगितली.

शेवटी अन्वेषकाच्या शेऱ्यासाठी जागा असते, तिथे मी हे सगळे लिहिले. पण शेऱ्याला संकेतांक नसतो, आणि ज्याला संकेतांक नाही ते तक्त्यात उतरत नाही.

२०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया आणि १०.७ टक्के पुरुष स्थलांतरित निघाले. त्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांनी कारण सांगितले लग्न. हा आकडा छापून आला की चर्चा तिथेच संपते: बायका लग्न होऊन सासरी जातात, त्यात धोरण काय करायचे? मी तो आकडा पाहते तेव्हा मला आढ्याला खोचलेले दोन कोयते दिसतात. त्या ८६.८ मध्ये कोयत्यासाठी नांदायला आलेल्या किती, वीटभट्टीवर जोडीने जाणाऱ्या किती, हे कोणी सांगू शकत नाही, कारण आपण विचारलेच नाही.

विचारले की काय बाहेर येते तेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. या बायका त्याआधीही होत्याच. त्यांना त्यांच्या कामावरून ओळखून कोणी प्रश्न विचारला नव्हता, एवढेच.

नव्या पाहणीच्या मसुद्यात अल्पकालीन स्थलांतराची खालची मर्यादा ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव आहे. चांगलेच आहे, दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीला जाणारेही त्यात येतील. पण ऊसतोड मजूर निसटतो तो वरच्या टोकाला, सहा महिन्यांच्या रेषेवर. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात गाळप जूनपर्यंत लांबले होते. त्या वर्षीच्या टोळ्या या व्याख्येत कुठे बसणार? कामावरून गावी परतणाऱ्या माणसाला हंगामी स्थलांतरित म्हणा, मग महिने पाच असोत की आठ. आणि लग्न हे कारण लिहिले की खाली एकच जादा प्रश्न हवा: लग्नानंतर पहिल्या वर्षभरात कामासाठी कुठे गेलात का?

जर्मनीत २०१६ पासून निर्वासितांची एक मोठी पाहणी चालते. तिथले अन्वेषक दरवर्षी त्याच माणसांकडे जातात आणि माणूस दुसऱ्या गावी गेला तर त्याच्या मागे जातात. प्रश्न अरबी, फारसी, पश्तो, उर्दू, कुर्मांजीत असतात आणि वाचता न येणाऱ्यांना ते ध्वनिमुद्रित करून ऐकवतात. काम मिळाले का, भाषा आली का, शेजाऱ्यांशी बोलणे होते का, हे विचारतात. परक्या मुलखातून आलेल्यांसाठी तो देश एवढे करतो. आमचा अन्वेषक मात्र घराला बांधलेला. नमुन्यातले घर बंद असले की त्याऐवजी दुसरे घ्यायचे आणि पुढे निघायचे. मीही घेतली आहेत, कित्येक. ती माणसे बेळगाव-बागलकोटकडे कानडी मुलखात कशी राहतात, रेशन मिळते का, पोरे हंगामी वसतिगृहात मागे राहिली की सोबत आली, दवाखान्यात त्यांचे कोण ऐकते, हे बंद दाराला विचारता येत नाही.

आता जनगणना. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. २०११ च्या नियमाप्रमाणे गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याला तो सापडेल तिथे मोजायचे. म्हणजे बीडचा मजूर कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडावर मोजला गेला पाहिजे, आणि तिथे मागचे गाव सोडण्याचे कारण विचारल्यावर त्या बाईच्या नावापुढे पहिल्यांदा ‘काम’ लिहिले जाईल. पण प्रगणक कोपीपर्यंत पोहोचला तर. टोळी पहाटे चारला फडात जाते, गाडी भरून रात्री परतते, फड संपला की मुक्काम हलवते. सकाळी अकराला जाणाऱ्याला तिथे फक्त लेकरे भेटतील. साखर कारखान्यांकडे टोळ्यांच्या याद्या असतात, मुकादमांचे फोन असतात. जिल्हा प्रशासनाने त्या याद्या आधीच घेऊन फडांसाठी वेगळे प्रगणक नेमावेत, आणि तांड्यांच्या टोळ्यांसाठी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, जाणणारे.

माणसे कमी पडत असतील तर माझे नाव त्या यादीत घालावे. वय ६३ आहे, पण पहाटे चारला उठायची सवय अजून मोडलेली नाही, आणि गोरमाटी मला प्रश्न विचारण्यापुरती येते.

आपली,
एक निवृत्त अन्वेषक, लातूर